तोबऱ्यात दोर आणि हातात ज्वारीची कणसं : घोड्यावरच जगलेल्या थोरल्या बाजीरावांची गोष्ट

एका चित्रकाराला काम मिळालं. मराठ्यांच्या लष्करात जायचं, पेशवा बाजीराव दिसला की तो ज्या अवस्थेत पहिल्यांदा दिसेल तसाच कागदावर उतरवायचा आणि परत यायचं. त्याला कुणी पाठवलं यावर मतभेद आहेत. काही ठिकाणी निजामाचं नाव येतं, काही ठिकाणी दिल्लीच्या बादशहाचं. चित्रकार गेला, त्यानं चित्र काढलं आणि दरबारात आणून ठेवलं.

दरबारातल्या लोकांना वाटलं होतं, जरीचा पोशाख असेल, मागे छत्री धरलेला माणूस असेल, घोड्यावर सोन्याचांदीचा साज असेल. चित्रात होता तो एक साधा स्वार. भाला खांद्यावर टाकलेला. लगाम घोड्याच्या मानेवर मोकळा सोडलेला. दोन्ही हातांत ज्वारीची कणसं. चालत्या घोड्यावर बसून हा माणूस कणसं तळहातांवर चोळत होता आणि दाणे तोंडात टाकत होता. खोगिराला घोड्याचा तोबरा लटकत होता आणि त्या तोबऱ्यात घोडा बांधायचे दोर कोंबलेले होते.

चित्र पाहून म्हणे दरबार घाबरला आणि या माणसाशी तह केलेला बरा, असं ठरलं.

ही आख्यायिका आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी ती लिहून ठेवली आणि तेव्हापासून ती फिरते आहे. पण आख्यायिका असली तरी ती रचणाऱ्याला घोडा कळत होता, हे नक्की. कारण चित्रातली प्रत्येक वस्तू कामाची आहे. लगाम, भाला, तोबरा, दोर, कणसं. या पाच गोष्टी समजल्या की बाजीराव पेशव्यांची वीस वर्षांची कारकीर्द बऱ्यापैकी समजते.

आता हे बाजीराव मूळचे कुठले, असं विचारलं की बहुतेक लोक पुणे म्हणतात. जन्म मात्र नाशिक जिल्ह्यातला. सिन्नर तालुक्यात दुबेर गावचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी बर्व्यांचा वाडा आहे. राधाबाई या बर्व्यांच्या लेक. त्यांचं लग्न श्रीवर्धनच्या भट घराण्यातल्या बाळाजी विश्वनाथांशी झालं. बाळंतपणाला त्या माहेरी आल्या आणि १८ ऑगस्ट १७०० रोजी याच वाड्यात थोरला मुलगा जन्मला. वाडा आजही उभा आहे आणि जन्माची खोली आजही दाखवली जाते.

सन १७०० लक्षात ठेवण्यासारखं आहे. औरंगजेब तेव्हा महाराष्ट्रात तळ ठोकून होता. त्याच वर्षी मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते आणि महाराणी ताराबाईंनी सूत्रं हातात घेतली होती. मोगलांची छावणी म्हणजे एक चालतं शहरच होतं. तंबू, बाजार, हत्ती, तोफा, जनानखाना, कारकून. मराठ्यांचे स्वार त्या शहराच्या कडेकडेनं फिरायचे, रसद तोडायचे आणि पसार व्हायचे. या पोरानं डोळे उघडले तेव्हा आजूबाजूला हेच चाललं होतं.

वडील कारकुनी आणि मुत्सद्देगिरीच्या वाटेनं वर आले. मुलगा लहानपणापासून त्यांच्याबरोबर मोहिमांवर जायचा. लिहिणं-वाचणं, हिशेब हे ब्राह्मण घरातलं शिक्षण झालंच, पण खरी शाळा खोगिरावर भरली. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन थेट दिल्लीला गेले. तिथून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि कैदेतल्या येसूबाईंची सुटका, असं दोन्ही मिळवून ते परतले. या स्वारीत अठरा वर्षांचे बाजीराव बरोबर होते. पुण्या-साताऱ्याकडून दिल्ली आणि परत, सगळं घोड्यावरून. वाटेत नद्यांचे उतार कुठे आहेत, चारा कुठे मिळतो, मोगलांची राजधानी आतून किती पोकळ झाली आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

२ एप्रिल १७२० रोजी वडील सासवडला वारले. शाहू महाराजांनी १७ एप्रिलला पेशवाईची वस्त्रं बाजीरावांना दिली. वय विशीलाही टेकलं नव्हतं. दरबारातल्या जुन्या जाणत्यांना हे पटलं नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं? वीस वर्षांच्या पोराच्या हाती राज्याचा कारभार द्यायचा, म्हणजे धाकधूक असणारच.

आता जरा घोड्याकडे येऊ.

दरवर्षी डिसेंबरात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की मोबाइलवर रील्सचा पूर येतो. उंचेपुरे, चमकणारे, पांढरेशुभ्र घोडे, अंगावर आरसे लावलेला साज, किंमत लाखांत. मराठ्यांच्या फौजेतला घोडा असा नव्हता. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत पैदास होणारं बुटकं, काटक, दणकट पायांचं जनावर म्हणजे भीमथडीचं तट्टू. अरबी-तुर्की रक्त त्यात मिसळत गेलं, पण गुण डोंगरातला राहिला. कमी चाऱ्यावर तग धरायचा, दगडाधोंड्यांत पाय न मोडता चालायचं, उन्हाला दबायचं नाही. या भीमथडी घोड्याला अलीकडेच देशपातळीवर स्वतंत्र वंश म्हणून मान्यता मिळाली आहे.

सरदारांकडे आणि खुद्द पेशव्यांकडे यापेक्षा भारी घोडे असत, हे उघड आहे. पण फौज चालते ती शेवटच्या स्वाराच्या वेगानं. पेशव्याचा घोडा कितीही उमदा असला तरी मागचे हजारो घोडे ज्या गतीनं येतील तीच गती.

घोड्यावर असायचं खोगीर. म्हणजे कापड आणि नमदा यांची, आत भर घातलेली जाड गादी. युरोपातल्यासारखं लाकडी सांगाड्यावरचं कडक जीन नव्हे. आत काहीबाही चिंध्या भरून ती फुगवायची. आपण आज फालतू भरणा केला की त्याला खोगीरभरती म्हणतो, तो शब्द इथला. खोगीर पोटाखालून आवळायला तंग, उतारावर पुढे जाऊ नये म्हणून शेपटीखालून दुमची, पायाला रिकीब, तोंडात लगाम. बस्स. खोगीर नीट बसलं नाही, भर एका बाजूला गोळा झाली, तर दोन मजलांत घोड्याच्या पाठीला जखम होते, आणि जखमी पाठीच्या घोड्यावर बसता येत नाही. त्यामुळे संध्याकाळी मुक्काम पडला की आधी घोड्याची पाठ बघायची आणि मग स्वतःचं जेवण.

मुक्कामाचा क्रम ठरलेला होता. घोड्यावरून उतरायचं, तंग सैल करायचा, पण खोगीर लगेच काढायचं नाही. घामेजलेल्या पाठीला एकदम वारा लागू द्यायचा नाही. थोडं फिरवून मग पाणी. पुढच्या पायांना बांधायचे दोर म्हणजे अगाडी, मागच्या पायांचे म्हणजे पिछाडी. मेखा ठोकून दोन्ही बाजूंनी जनावर असं बांधायचं की ते शेजारच्या घोड्याला लाथ मारू शकणार नाही आणि रात्री दचकून पळणार नाही. मग खरारा. दाते असलेल्या खराऱ्यानं अंग घासून धूळ आणि वाळलेला घाम काढायचा. शेवटी तोबऱ्यात चंदी भरायची, म्हणजे भिजवलेला हरभरा किंवा जे धान्य मिळेल ते, आणि तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधायचा. तोंडात पानाचा तोबरा भरला असं आपण म्हणतो, तो हाच.

पैसेवाल्या सरदाराकडे या कामांना मोतद्दार असायचे. साध्या स्वाराला बहुतेक सगळं स्वतःच करावं लागे.

आता पुन्हा त्या चित्राकडे बघा. अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यात कोंबलेले आहेत. म्हणजे काय? म्हणजे या माणसाच्या मागून सामानाचा बैल येत नाहीये. रात्री घोडा बांधायला जे लागतं आणि घोड्याला खायला घालायला जे लागतं, ते दोन्ही त्याच घोड्याच्या पाठीवर आहे. जिथे थांबेल तिथे पाच मिनिटांत मुक्काम आणि उठायचं ठरलं की पाच मिनिटांत कूच. आणि हे कुणा शिपायाचं नाही, राज्याच्या पंतप्रधानाचं चित्र आहे. दरबार घाबरला असेल तर तो याला.

लष्करी हिशेब करून पाहिला तर हे आणखी स्पष्ट होतं. तीनशे-साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सहा-सात किलो कोरडा चारा आणि उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. दहा हजार घोडे म्हणजे दररोज साठ-सत्तर टन चारा. एवढा चारा बैलांवर लादून बरोबर न्यायचा तर त्या बैलांनाही चारा लागणार. म्हणून दोनच मार्ग उरतात. एकतर मोगलांसारखं हळूहळू, बाजारासकट सरकायचं. नाहीतर एका ठिकाणी थांबायचंच नाही. गवत आणि उभी पिकं जिकडे आहेत तिकडे फौज वळवायची, संपली की पुढे निघायचं. बाजीरावांनी दुसरा मार्ग निवडला आणि तो इतका ताणला की पूर्वी कुणी ताणला नव्हता.

मोहिमांचं कॅलेंडरही घोड्यानंच ठरवलेलं. पावसाळ्यात चिखल आणि भरलेल्या नद्या, म्हणून छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन, कारण तेव्हा गवत कंबरेएवढं झालेलं असतं आणि खरीप तयार असतो. पौष-माघात रब्बीची ज्वारी हुरड्यावर येते. वैशाखाच्या आत घरी.

या फौजेत दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. घोडा सरकारी पागेचा, माणूस पगारी. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. त्याला मोहिमेआधी तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळायची, तिला नालबंदी म्हणत. शिलेदाराचा मान मोठा, पण जोखीमही मोठी, कारण घोडा मेला की त्याचं भांडवल गेलं. असा माणूस तोफेच्या तोंडावर आपला घोडा उगाच घालणार नाही. मराठे समोरासमोर भिडायचं टाळत, याला काही लोक आजही पळपुटेपणा म्हणतात. पण ज्याचं सगळं घर चार पायांवर उभं आहे, त्याला शत्रूला उपाशी मारणं परवडतं, सरळ धडकणं नाही. बाजीरावांनी हे ओळखलं आणि त्यातूनच युद्धाची रीत घडवली.

त्यांच्या हाताखाली जी माणसं पुढे आली तीही याच मातीतली. रणोजी शिंदे सुरुवातीला पागेत बारगीर होते. मल्हारराव होळकर मेंढपाळ घरातले, खानदेशात मामाकडे वाढलेले, तिथेच घोड्यावर बसायला शिकलेले. पुढे नाशिक जिल्ह्यातलं चांदवड होळकरांकडे आलं आणि तिथला रंगमहाल आज लोक बघायला जातात. पेशव्यानं घराणं बघितलं नाही, खोगिरावरची बैठक बघितली, असं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्याची परीक्षा १७२७-२८ मध्ये झाली. समोर होता निजाम-उल-मुल्क. वय छप्पन, आयुष्य औरंगजेबाच्या हाताखाली लढण्यात गेलेलं, दख्खनमधला सगळ्यात अनुभवी सेनापती आणि त्याच्याकडे त्या काळातला उत्तम तोफखाना. बाजीराव सत्तावीस वर्षांचे. निजामानं डाव टाकला होता तो राजकीय. छत्रपतींच्या गादीवर खरा हक्क कुणाचा, साताऱ्याच्या शाहूंचा की कोल्हापूरच्या संभाजीराजांचा, असा प्रश्न उभा करून त्यानं चौथाई थांबवली आणि संभाजीराजांना हाताशी धरलं.

पावसाळा सरला तसे बाजीराव बाहेर पडले. आधी जालना-सिंदखेडकडे जाऊन निजामाच्या मुलखात धुमाकूळ. मग बुऱ्हाणपूरवर जाणार अशी हूल. निजाम बुऱ्हाणपूर वाचवायला धावला, तोवर हे पश्चिमेला वळून गुजरातेत. मागे लागण्यात अर्थ नाही हे निजामाच्या ध्यानात आलं आणि त्यानं मोर्चा फिरवला थेट पुण्याकडे. तुम्ही माझा मुलूख जाळता, मी तुमचं घर घेतो, असा साधा हिशेब. पुणं त्याच्या हाती पडलं. शाहू महाराज आणि चिमाजीअप्पा पुरंदरच्या आसऱ्याला होते.

इथे कुणीही दुसरा असता तर घर वाचवायला धावला असता. निजामाला तेच हवं होतं. मोकळ्या मैदानात, तोफांच्या माऱ्यात घोडदळ आलं की काम संपलं. बाजीराव पुण्याला गेलेच नाहीत. ते गुजरातेतून खानदेशात उतरले आणि निजामाच्या राजधानीच्या, औरंगाबादच्या, रोखानं निघाले. आता पळण्याची पाळी निजामाची होती. तो पुणं सोडून निघाला, गोदावरी ओलांडली आणि घाईत जड तोफा मागे ठेवल्या. बाजीरावांना नेमकं हेच हवं होतं. तोफांशिवायचा निजाम.

फेब्रुवारीच्या शेवटी पालखेडजवळ मराठ्यांच्या घोडदळानं निजामाच्या फौजेभोवती कडं केलं. नाशिककरांनी इथे गडबडून जाऊ नये. दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर धरण आहे ते पालखेड वेगळं. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यात, शेजारच्याच जिल्ह्यात आहे. ज्या दुबेरात बाजीराव जन्मले तिथून पूर्वेला हाच दुष्काळी पठाराचा पट्टा लागतो. पाणी कुठे आहे आणि कुठे नाही, यावर इथे सगळं ठरतं. मराठ्यांनी पाणी तोडलं, धान्य तोडलं, चारा तोडला. मोठी लढाई झालीच नाही. घोडे-बैल तहानेनं तडफडू लागले तसा निजामाचा धीर सुटला. २८ फेब्रुवारी १७२८ ही पालखेडच्या विजयाची तारीख मानतात. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामानं शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला आणि संभाजीराजांची बाजू सोडली.

दुसऱ्या महायुद्धातले प्रसिद्ध ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनी १९६८ मध्ये युद्धांचा इतिहास लिहिला, त्यात या मोहिमेला मानाचं पान दिलं. रणगाड्यांची युद्धं लढलेल्या माणसाला खोगिरावरची ही मोहीम आवडली, यात नवल नाही. दोघांनाही गतीची किंमत माहीत होती.

पालखेडनंतर तीच पद्धत, फक्त अंतर वाढत गेलं. १७२९ मध्ये बुंदेलखंडात म्हातारे छत्रसाल मोहम्मदखान बंगशच्या कचाट्यात सापडले होते, त्यांच्या मदतीला बाजीराव धावले. १७३१ मध्ये गुजरातेत डभोईला आपल्याच सेनापतीशी, त्रिंबकराव दाभाड्यांशी लढावं लागलं. दाभाडे त्यात पडले. ही लढाई जिंकूनही मराठ्यांच्या राज्यात कुणाला आनंद झाला नसावा.

१७३७ ची दिल्लीची स्वारी मात्र थांबून बघण्यासारखी आहे. यमुनेपलीकडे दुआबात मल्हाररावांच्या तुकडीला सादतखानानं मागे रेटलं आणि मराठ्यांना पार हाकलून लावल्याची बातमी बादशहाला कळवून टाकली. दरबारात आनंद झाला. बाजीरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण जिवंत आहोत हे स्वतः दिल्लीला जाऊनच दाखवू. जड सामान आणि बुणगे बुंदेलखंडाकडे लावून दिले. मोगलांच्या फौजा त्यांना अडवायला शहराबाहेर पसरल्या होत्या, त्यांना वळसा घालून लांबलांब मजला मारत मार्चच्या अखेरीस ते दिल्लीच्या वेशीवर, कालिकेच्या देवळाजवळ उभे राहिले. बादशहाच्या फौजेचा पुढे आलेला जमाव त्यांनी उधळला. शहर लुटलं नाही. मोगलांच्या मोठ्या फौजा मागे वळून येईपर्यंत ते निघूनही गेले होते. या स्वारीचा वृत्तांत त्यांनी स्वतः चिमाजीअप्पांना पत्रानं कळवला आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी निजाम पुन्हा आला, या वेळी बादशहाच्या बाजूनं, मोठ्या तोफखान्यासह. भोपाळजवळ तो कोंडला गेला. तोफा असल्यामुळे त्याच्यावर चालून जाता येत नव्हतं, तसे बाजीराव गेलेही नाहीत. दाणापाणी तोडलं आणि वाट पाहिली. ७ जानेवारी १७३८ ला दुराहासराईचा तह. पालखेडचीच गोष्ट, दहा वर्षांनी.

सोशल मीडियावर एक आकडा फिरत असतो, बाजीरावांनी ४१ लढाया लढल्या आणि एकही हरले नाहीत. यातल्या कोणत्या गोष्टीला लढाई म्हणायचं, यावरच हा आकडा बदलतो. पण आकड्याच्या नादात मुद्दा हरवतो. त्यांचे सगळ्यात मोठे दोन विजय, पालखेड आणि भोपाळ, हे समोरच्याला लढूच न देता मिळवलेले आहेत.

अर्थात घोड्यालाही मर्यादा होत्या. १७३३ मध्ये बाजीराव कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दीवर गेले. रायगड परत मिळाला, पण जंजिरा नाही. समुद्रात उभ्या असलेल्या किल्ल्याला वळसा घालून चारा तोडता येत नाही. घोडा किनाऱ्यावरच थांबला. पोर्तुगिजांची वसई घ्यायला भावाला, चिमाजीअप्पांना, खंदक, सुरुंग, तोफा आणि दोन वर्षांची चिकाटी लागली. १७३९ मध्ये वसई पडली ती पायदळाच्या रक्तावर.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चित्रातली ज्वारी कुणाची होती?

पेशवा चालत्या घोड्यावर कणसं चोळून खातो, हे वाचायला छान वाटतं. पण ती कणसं कुठल्यातरी शेतातली होती. दहा हजार घोडे एका शिवारातून गेले की मागे काही उरत नाही. जालन्याच्या, खानदेशाच्या, माळव्याच्या शेतकऱ्याला पेशवा मोठा सेनापती आहे की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याचा कडबा गेला होता. मागून सामान न्यायचं नाही याचा अर्थच हा की लोकांच्या अंगणातून खायचं. निजामानंही तेच केलं, मोगलांनीही केलं, पण म्हणून ते बाजीरावांच्या हिशेबातून वजा होत नाही.

आणि एवढं करूनही पैसा पुरला नाही. स्वारांचे पगार, नालबंदी, नवे घोडे, मेलेल्या घोड्यांची भरपाई. बाजीराव कायम कर्जात होते. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरू, आणि सावकारही. स्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्यानं पिचलेला माणूस दिसतो. बादशहाला धाक घालणारा माणूस घरी देणेकऱ्यांना तोंड चुकवत होता.

घरी म्हणजे तरी किती? शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. त्या वाड्यात सलग राहण्याचे दिवस त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत. पत्नी काशीबाई, आई राधाबाई, मुलं, सगळी पुण्यात. हे कायम मैदानात. बुंदेलखंडातून मस्तानी आयुष्यात आली. ती उत्तम घोड्यावर बसायची आणि मोहिमांवर बरोबर जायची, असं परंपरा सांगते. तसं असेल तर या माणसाच्या खऱ्या घरात, म्हणजे छावणीत, पाऊल टाकू शकणारी तीच एक होती. पुण्याच्या वाड्यात मात्र तिला मान्यता मिळाली नाही. शेवटी शेवटी तर ती नजरकैदेत होती, आणि बाजीराव तेव्हाही मोहिमेवरच.

पुण्यात पेशव्यांच्या घोड्यांची आठवण आज एका वेगळ्याच ठिकाणी शिल्लक आहे. लक्ष्मी रस्त्यावर मुलींची शाळा आहे, १८८४ मध्ये सुरू झालेली. नाव हुजूरपागा. पेशव्यांचे घोडे जिथे बांधले जायचे त्या जागेवर ती उभी राहिली. तिथे शिकलेल्या पिढ्यान् पिढ्या मुली स्वतःला अभिमानानं हुजूरपागेच्या म्हणवतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींना पागा म्हणजे घोड्यांचा तबेला, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा हसू येतं.

१७४० च्या सुरुवातीला गोदावरीच्या काठी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी शेवटची लढत झाली. तहात नर्मदेच्या बाजूचे हंडिया आणि खरगोणचे भाग बाजीरावांना जहागीर म्हणून मिळाले. त्यांचा ताबा घ्यायला ते उत्तरेकडे निघाले. उन्हाळा पेटला होता. एप्रिलच्या अखेरीस नर्मदेकाठी रावेरखेडीला मुक्काम असताना ताप चढला. वीस वर्षं ज्या शरीरानं खोगिरावरून उतरायचं नाव घेतलं नव्हतं, ते काही दिवसांत संपलं. २८ एप्रिल १७४०. वय चाळीसही पूर्ण नाही. काशीबाई जवळ होत्या. मस्तानीही लवकरच गेली, तिची कबर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. चिमाजीअप्पा त्याच वर्षी डिसेंबरात वारले.

रावेरखेडीला आता समाधी आहे. दुबेरचा वाडा आणि नर्मदेचा काठ, यांच्या मधलं बाजीरावांचं सगळं आयुष्य रस्त्यावर गेलं.

पुढची पिढी श्रीमंत झाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात फौजेत कवायती पायदळ आलं, इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा आल्या, तंबू मोठे झाले. काळ बदलत होता, तोफांशिवाय भागणार नव्हतं, त्यामुळे यात सगळंच चूक होतं असं नाही. पण १७६० मध्ये भाऊसाहेब उत्तरेत निघाले तेव्हा फौजेबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, नोकरचाकर, बाजार असं सगळं होतं. म्हातारे मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी सल्ला दिला की बुणगे आणि जड सामान मागे ठेवा आणि जुन्या पद्धतीनं घोड्यावरून लढा. तो सल्ला मानला गेला नाही. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर त्या फौजेत होता. तोही या युद्धात गेला.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे लढायला बाहेर पडले, त्याच्या कितीतरी आठवडे आधीपासून अब्दालीनं त्यांची रसद तोडली होती. छावणीतले घोडे रोज मरत होते. तोबऱ्यात घालायला चंदी उरली नव्हती.